विमानाला पोटभर वाढू नये

आमच्या घरी जेवताना कुणी ताटावर आडवा हात धरला तर आई बोटांच्या फटीतून वाढते. थोरले मामा आमच्याकडून जेवून गेले की दोन दिवस त्यांच्या अंगठीला तांबड्या रश्शाचा वास येतो, असं मामी सांगते. वाढलेलं परत घ्यायचं नाही आणि पाहुण्याचं 'नको' ऐकायचं नाही, हे हुपरीत आमच्या गल्लीत घरोघरी चालतं, पण आई त्यात सगळ्यांच्या जरा पुढंच आहे.

हे आधी सांगितलं, कारण मला विमान कंपनीत नोकरी मिळत नव्हती ती याच वळणामुळे.

मी फ्लाइट डिस्पॅचरचा कोर्स केलेला. घरी पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तेव्हा शेजारच्या काकूंनी कुरियरचं काम का म्हणून विचारलं होतं. तसं नाही. विमानानं कुठल्या वाटेनं जायचं, वाटेत हवा कशी आहे, ठरल्या जागी उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठं उतरायचं आणि या सगळ्याला इंधन किती लागेल, हे जमिनीवर बसून ठरवणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. कॅप्टनच्या बरोबरीनं त्याचीही सही लागते. मी सगळ्यांना ऐटीत सांगायची की आम्ही विमान खालून चालवतो. विमानात मात्र मी एकदाही बसले नव्हते. आकाशातून गेलेलं बघितलेलं, तेवढीच ओळख.

कोर्स झाला, मार्कही झकास पडले. मग दोन कंपन्यांत मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडे मी एकाच दगडाला ठेचकाळले. दोन्हीकडे समोर एक कॅप्टन बसलेले, दोघंही गोड बोलणारे. विमान भरलेलं आहे, अंतर थोडं आहे, पण मला आपलं थोडं इंधन वाढवून दे बेटा, मनाला बरं वाटतं, असं ते म्हणाले. आणि मी दोन्हीकडे हसून म्हणाले, "हो सर, घ्या की."

आता इंधन जास्त घेतलं तर बिघडलं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण विमान ज्या वजनानं उडू शकतं त्या वजनानं उतरू शकत नाही. उतरायची मर्यादा कमी असते. अंतर थोडं असलं की जास्तीचं इंधन संपतच नाही, आणि विमान आपलं भरल्या पोटानं विमानतळावर घिरट्या घालत बसतं, कधी एकदा हलकं होतंय म्हणून. हे मला पुस्तकातून पाठ होतं. समोर माणूस आला, त्यानं काही मागितलं, की पुस्तक जायचं आणि आई यायची.

दुसरीकडूनही नकार आला तेव्हा बाबांनी मला समोर बसवलं. आमच्याकडे चांदीचे पैंजण होतात. बाबा जोडकाम करतात, आई घुंगरं ओवते, आणि चांदी तोलायच्या काट्यापाशी बसून वजन बघायचं काम घरातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे असतं. ते माझ्या आजोबांकडे होतं, नंतर कुणाकडेच नीट गेलं नाही. "दिवाळीपर्यंत बघ," बाबा म्हणाले. "न्हाय जमलं तर काटा तुज्याकडं." त्यांनी हे इतक्या मायेनं सांगितलं की रागावताही येईना. मानाची जागा मिळत होती आणि मला ती नको होती.

तेवढ्यात गडहिंग्लजच्या एका मुलाचा फोन आला. हा कोर्सला माझ्याबरोबर होता आणि माझ्यासारखाच घरी बसून होता. शिरोली एमआयडीसीत एक सर उजळणीचा वर्ग घेतात म्हणाला. सर म्हणजे निवृत्त डिस्पॅचर. जन्म कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये काढून कोल्हापूरला परत आलेले. आमच्यासारख्या कोर्स करून गंज चढलेल्या पोरांना घासूनपुसून मुलाखतीला उभं करायचं, हा त्यांनी म्हातारपणाचा छंद धरला होता.

वर्ग भरायचा त्यांच्या धाकट्या भावाच्या फाउंड्रीच्या ऑफिसवर. खाली घण चालायचे, ट्रक रिव्हर्स घ्यायचे, आणि वर आम्ही पाच जण हवामानाचे नकाशे वाचायचो. पहिल्या दिवशी गडहिंग्लजवाल्यानं धीर करून विचारलं की सर, शांत जागा नाही का मिळणार. सर म्हणाले, कंट्रोल रूम म्हणजे काय बालवाडीची झोपायची खोली वाटली काय. त्यांचं साधं बोलणंही खालच्या घणाच्या वर ऐकू यायचं, त्यामुळे वाद तिथंच मिटला.

पहिलाच सराव असा होता: कोल्हापूरहून एक लहान फेरी, विमान भरलेलं, हवा स्वच्छ, इंधन किती ते काढा. आम्ही पाचही जणांनी मान खाली घालून गणित केलं. सरांनी एकेकाचं उत्तर बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाचही उत्तरं चुकली होती आणि पाचही एकाच बाजूला चुकली होती. गणित सगळ्यांचं बरोबर होतं. शेवटी प्रत्येकानं आपल्या मनानं वर थोडं घातलं होतं. कुणी पाऊस आला तर म्हणून, कुणी धुकं पडलं तर म्हणून, गडहिंग्लजवाल्यानं तर कारणच लिहिलं नव्हतं, नुसतं 'असू दे' एवढंच.

सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं चिडले. त्यांचे खांदे हलत होते, आणि वळले तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"आरं, हे विमान हाय, पावणं न्हवं," ते म्हणाले. "पोट फुटंपर्यंत वाढून पाठवायचं न्हाय त्याला."

मग म्हणाले की देशभरातली पोरं त्यांनी शिकवली, दुसरीकडची पोरं गणितात चुकतात, आपल्याकडची वाढण्यात चुकतात. यावर पुस्तकात औषध नाही. आणि त्यांनी आपलं औषध सुरू केलं.

ते औषध म्हणजे फोन. सर कॅप्टन होऊन फोन करायचे. कधीही, कुठंही. कधी बायकोच्या फोनवरून, कधी भावाच्या, कधी फाउंड्रीच्या वॉचमनच्या, त्यामुळे नंबरावरून ओळखता यायचं नाही. आवाजही बदलायचे. एक खेकसणारा कॅप्टन होता, एक इंग्रजी झाडणारा होता, आणि माझ्यासाठी त्यांनी खास एक गोडबोल्या कॅप्टन राखून ठेवला होता. खरा कॅप्टन काय तुझी सोय बघून फोन करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. फोन आला की असशील तिथं कामाला लागायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारणासकट, आवाज न वाढवता, नाही म्हणायचं.

सुरुवातीला मी वाईट हरले. गोडबोल्यानं नुसतं "तुझ्या आईनं तुला छान वळण लावलंय गं" म्हटलं की मी टाकीभर इंधन देऊन मोकळी. एकदा तर मी त्यालाच विचारलं, आणखी थोडं घेता का? पलीकडून सरांच्या खऱ्या आवाजात एक शिवी आली, प्रेमळ होती पण शिवी होती.

मग एसटीतला प्रसंग झाला. हुपरीच्या गाडीत मी मधल्या दांड्याला लोंबकळत उभी, आणि फोन वाजला. खेकसणारा कॅप्टन. बेळगावला उतरता येत नाही, पावसानं काही दिसत नाही, आता काय करू, लवकर बोल. मी दांडा सोडला आणि एका कानात बोट घालून स्पष्ट सांगितलं की बेळगाव सोडा, पुण्याला वळवा, इंधन पुरतंय, पुण्याला सगळ्यांना उतरवा. पुढच्या बाकावरच्या आजी उठूनच उभ्या राहिल्या. मागून एक जण म्हणाला, "ओ पावणं, ही गाडी हुपरीची हाय न्हवं?" कंडक्टर गर्दी फोडत आला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला की गाडी पुण्याला जाणार नाही, कुणाचंही ऐकू नका. मी फोनवर कॅप्टनला शांत राहायला सांगितलं, मग आजींना, मग कंडक्टरला. तिघंही माझ्यावर ओरडत होते आणि माझा आवाज काही वाढला नाही. फोन ठेवताना सर म्हणाले, जमायलंय की गं. मी उरलेली वाट येड्यासारखी हसत उभी होते. आजींनी मला शेवटपर्यंत बसायला जागा दिली नाही.

त्यानंतर मला त्या फोनांची चटकच लागली. भाजी निवडताना, दात घासताना, पैंजणाचे जोड लावताना मी नाही म्हणू लागले. आरशात बघून नाही म्हणायची. गडहिंग्लजवाला आणि मी एकमेकांना विनाकारण फोन करून इंधन मागायचो आणि नाकारायचो. घरात आईला वाटलं मी कुठंतरी लग्न ठरवतेय आणि मुलाला झुलवतेय.

याच दिवसांत तिसऱ्या एका कंपनीला अर्ज केला होता. तिकडून एक निरोप आला होता की आमच्याकडून फोनवर बोलणं होईल. कधी, ते कळवलं नव्हतं. दसरा झाला तरी फोन आला नाही, तेव्हा मी ती आशा मनातून काढून टाकली आणि बाबांनी काट्याची पेटी पुसून ठेवलेली बघून न बघितल्यासारखं केलं.

तशात गावची जत्रा आली. जत्रेला आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. चुलीवर मोठ्या पातेल्यात तांबडा, शेजारी पांढरा, आत भाकऱ्या थापायला तीन काकवा, आणि बाहेर सोप्यात पंगतीवर पंगती. सरांनाही मी आग्रहानं बोलावलं होतं. आई वाढत होती, मी तिच्या मागून रश्शाची बादली आणि डाव घेऊन फिरत होते. थोरले मामा ताटावर दोन्ही हात धरून बसले होते. फोन वाजला.

नंबर अनोळखी. मी खांद्यानं फोन कानाला दाबला आणि ओळखलंच: गोडबोल्या. आज इंग्रजीत होता आणि आवाज तर इतका भरदार काढला होता की मला सरांचं कौतुक वाटलं. त्यानं कंपनीचं नावसुद्धा घेतलं, आपण ऑपरेशन्समधून बोलतोय म्हणाला, दोन मिनिटं आहेत का असं अदबीनं विचारलं. मी म्हटलं, आहेत की. समजा मी कॅप्टन आहे, तो म्हणाला, विमान भरलंय, फेरी लहान, आणि मला थोडं जास्त इंधन पाहिजे.

मी मामांच्या ताटात डाव ओतत सांगितलं की कॅप्टन, मिळणार नाही. एवढ्या थोड्या अंतरात ते संपणार नाही आणि उतरताना वजन मर्यादेच्या वर जाईल. हवा स्वच्छ आहे, दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं इंधन आम्ही आधीच धरलंय. घ्यायचंच असेल तर तेवढं सामान खाली ठेवावं लागेल, ते ठेवायचं का सांगा. तो म्हणाला, सामान नको उतरवायला, माणसं चिडतात, तू आपलं थोडंसं दे. मी पुन्हा नाही म्हटलं. तो लाडीगोडीला आला, माझ्या शब्दाला काही मान आहे की नाही म्हणाला. मी म्हटलं मान आहे, इंधन नाही. मग त्यानं शेवटचं हत्यार काढलं. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी विमान उडवतोय, तो म्हणाला.

इथवर मी इंग्रजीत होते. पुढचं तोंडातून आलं ते आमच्या सोप्यातलं होतं.

"उडवा की. पर आज एवढ्यावरच उडवा."

तो हसला, आणि त्यानं मराठीत विचारलं की कोल्हापूरकडच्या का तुम्ही. आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, सर, आवाज एक नंबर काढलाय, पण पुरे झालं आता, रस्सा गार व्हायलाय, जेवायला या बघू लवकर. आणि फोन ठेवला.

ठेवला आणि समोर बघितलं तर अंगणात सर चपला काढत होते. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात बायकोची पिशवी, फोन शर्टाच्या खिशात. त्यांनी कानाला काहीही लावलेलं नव्हतं.

माझ्या हातातला डाव बादलीत बुडाला. सरांनी माझं तोंड बघितलं आणि पुडा कट्ट्यावर ठेवून विचारलं काय झालं म्हणून. मी सांगितलं. कंपनीचा फोन होता, मला वाटलं तुम्ही, मी त्याला उडवा की म्हणाले, आणि जेवायला बोलावलं. सोप्यातली अख्खी पंगत खायची थांबली. सर तिथंच पायरीवर बसले. हसत नव्हते.

"इंधन दिलंस काय?"

"न्हाय."

"सामान उतरवायचं इचारलंस?"

"व्हय."

"मग बस जेवायला," ते म्हणाले, आणि आता मात्र असे हसले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मी जेवले नाही. पुढचे काही दिवस मी काहीच धड केलं नाही. कधी वाटायचं संपलं, काटा आला वाट्याला. कधी ते माझं 'उडवा की' आठवून पांघरुणात तोंड घालून हसायची. मी नाही म्हटलं होतं. खऱ्या माणसाला, खऱ्या नोकरीसाठी, चारदा. हातात डाव असताना. त्याचं मला इतकं भारी वाटत होतं की नोकरी गेल्याचं दुःख नीट करताच येईना.

आणि नोकरी गेलेली नव्हतीच. बेंगळुरूला प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावलं. मी रात्रीच्या बसनं गेले. खोलीत शिरले तर टेबलामागे बसलेल्या माणसांत एकानं तो भरदार आवाज काढून विचारलं की रस्सा आणलाय का. मला कुठं तोंड लपवू असं झालं, पण मग सगळेच हसले आणि मीही. पुढं तासभर त्यांनी मला घाम फोडला, तरी मी एकदाही जास्तीचं काही वाढलं नाही. होकार आला तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, पुन्हा फोनवरच. त्या वेळी मी आधी विचारून घेतलं की नक्की कोण बोलतंय.

बाबांनी काट्याची पेटी उचलून परत वर ठेवली. ठेवताना म्हणाले की तू वजनाच्याच कामाला लागलीस की, मग माझं काय चुकलं. आणि तोंड फिरवून पैंजण उजळायला बसले. ते बराच वेळ एकच पैंजण उजळत होते.

कंपनीनं तिकीट विमानाचं पाठवलं. कोल्हापूर ते बेंगळुरू. माझं पहिलं. उजळाईवाडीच्या विमानतळावर सोडायला घरचे, गल्लीतले, गडहिंग्लजवाला, सर, असे सगळे आले. जत्रेला आल्यासारखेच आले. बॅग आईनं भरली होती, मी फक्त चेन लावली होती. आत काउंटरवर बॅग ठेवली आणि समोरच्या मुलीनं आकडा बघून मान हलवली. घरून निघताना मी ती काट्यावर बरोबर वजनात बसवली होती. म्हणजे त्यानंतर कुणीतरी हात घातला होता. कोण, ते मला बॅग उघडायच्या आधीच कळलं. कपड्यांच्या तळाशी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गुळाची अख्खी ढेप.

मुलगी माझ्याच वयाची होती. जास्तीचे पैसे भरा नाहीतर काढा, ती म्हणाली, आवाज न वाढवता. ती इतकं छान नाही म्हणाली की मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी ढेप काढली आणि छातीशी धरून दारापर्यंत पळत गेले. दारावरच्या जवानानं आधी ढेपेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तो बाजूला सरला. पलीकडे आई उभी होती.

"असू दे की," ती म्हणाली. "कुटंतरी बसंल."

मी सगळ्यांच्या देखत उभी होते. सर बघत होते, बाबा बघत होते. गोडबोल्या कॅप्टन परवडला असता.

"न्हाय आई. बसत न्हाय."

मग तिनं दोन्ही हात पुढं केले आणि ढेप घेतली. माझ्या जन्मात तिनं वाढलेलं परत घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी हसूही येत होतं, कारण तिनं लुगड्याचं टोक उलगडलं, अंगठ्यानं ढेपेचा एक कोपरा दाबून तोडला आणि मी तोंड मिटायच्या आत माझ्या तोंडात कोंबला.

"आता कर म्हणावं वजन," ती म्हणाली.

काट्यावर बॅग चढते, माणूस चढत नाही. हे तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. मी गालात गूळ धरून परत आत पळाले, कारण माझं विमान लागलं होतं.